हप्ता कमी, पण क्लेमच्या दिवशी खिशातून किती?

वाचकांचे प्रश्न : मोटार विमा

प्रश्न : एकाच गाडीसाठी दोन कंपन्यांची कोटेशन्स आली आहेत. दोन्हीकडे पॉलिसी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह'च, पण एकीचा हप्ता बराच कमी आहे. स्वस्तातली घ्यायला हरकत आहे का?

उत्तर : 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणजे दोन विमे एकत्र बांधलेले. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा. दुसरा तुमच्या स्वतःच्या गाडीचा. या दुसऱ्या भागातून काय काय कापलं जाणार, हे त्या शब्दावरून कळत नाही. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून तीन गोष्टी शोधा : विमा रक्कम, डिडक्टिबल (प्रत्येक क्लेमला आधी तुम्ही सोसायचा वाटा) आणि सुट्या भागांवरचा घसारा (भाग वापरून जुना झाला म्हणून कापली जाणारी रक्कम). हप्त्यातल्या फरकाचं उत्तर बहुधा इथेच सापडतं.

समजा, नवा बंपर 100 ला पडतो. प्लॅस्टिकवर 50 टक्के घसारा आणि डिडक्टिबल 20 असेल, तर कंपनीकडून हाती येतात 30. 'झीरो डेप' (घसारा न कापण्याचं जोड-कव्हर) घेतलं असेल तर 80. डिडक्टिबल मात्र झीरो डेपमध्येही कापलं जातं. 'झीरो' शब्दाने अनेकांची इथेच फसगत होते.

विमा रक्कम कमी धरली तरी हप्ता उतरतो. किरकोळ दुरुस्तीत ते जाणवत नाही. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली, की मग कळतं. गाडीवर कर्ज असेल तर बाकी कर्जाचा आकडा विमा रकमेशी ताडून पाहा. विमा रक्कम कमी निघाली, तर गाडी गेल्यावरही कर्ज फेडत बसावं लागेल.

प्रश्न : डिडक्टिबल स्वतःहून वाढवून घेतलं तर हप्ता कमी होतो म्हणे. घ्यावं का?

उत्तर : साधा भागाकार करा. वाढीव डिडक्टिबल 60 आणि वर्षाला हप्त्यात बचत 12 असेल, तर सलग 5 वर्षं क्लेम न केल्यावर तुम्ही बरोबरीत येता. इतकी वर्षं गाडी ठेवणार नसाल किंवा ती रक्कम अचानक उभी करणं जड जाणार असेल, तर नको.

प्रश्न : दारावर खोच आणि ओरखडे आले आहेत. 2 वर्षं क्लेम नसल्याने सध्या 25 टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) आहे. क्लेम करावा की खिशातून दुरुस्ती?

उत्तर : बोनस एका वर्षापुरता जातो, ही समजूत महागात पडते. पुन्हा तळापासून पायऱ्या चढाव्या लागतात. पायऱ्या 20, 25, 35, 45, 50 टक्के अशा आहेत आणि एका क्लेमने बोनस शून्यावर येतो, असं धरू. क्लेम न केल्यास पुढच्या पाच नूतनीकरणांना सवलत 35, 45, 50, 50, 50. केल्यास 0, 20, 25, 35, 45. फरकांची बेरीज 105 टक्के. म्हणजे स्वतःच्या गाडीच्या विम्याचा, बोनस वजा न करता येणारा, एका वर्षाचा पूर्ण हप्ता आणि वर थोडं. डिडक्टिबल आणि घसारा वजा जाता मिळणारी रक्कम याहून कमी असेल, तर दार स्वखर्चाने करून घ्या. तुमच्या पॉलिसीतल्या पायऱ्या वेगळ्या असतील, तर हीच बेरीज त्या आकड्यांनी मांडा. 'बोनस प्रोटेक्शन' (क्लेम करूनही बोनस टिकवणारं जोड-कव्हर) घेतलं असेल तर हा हिशेब बदलतो, पण त्यात वर्षाला किती क्लेम चालतात ते आधी वाचा.

प्रश्न : पुराच्या पाण्यात उभ्या गाडीचं इंजिन निकामी झालं. पुराचं नुकसान पॉलिसीत असूनही इंजिनाचा क्लेम नाकारला. असं कसं?

उत्तर : पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारला होता का? सगळं त्यावर अडतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. उभ्या गाडीत नुसतं पाणी शिरून रॉड वाकत नाही. त्यामुळे वाकलेला रॉड दिसला की सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) समजतो, गाडी चालू करायचा प्रयत्न झाला. मग ते नुकसान पुराचं न धरता मागाहून ओढवलेलं धरलं जातं, आणि मूळ पॉलिसीत ते सहसा नसतं. सीट, वायरिंग, साफसफाई यांचा क्लेम वेगळा मांडता येतो. तो सोडू नका.

सखल भागात गाडी उभी राहत असेल तर 'इंजिन प्रोटेक्ट' (इंजिनाच्या अशा नुकसानीचं जोड-कव्हर) घ्याच, आणि त्यातही स्टार्टर मारल्याबद्दलची अट तपासा. पुन्हा गाडी बुडाली तर चावी फिरवू नका, धक्का मारूनही सुरू करू नका. पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी उचलून न्यायला लावा. गॅरेजमध्ये पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून आधी पाणी बाहेर काढतात. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नका. सर्व्हेअर येण्याआधी मात्र काहीच उघडू देऊ नका.