लव्हाळ्याचा क्रूस आणि भाताची लोंबी

प्रिय बाळा,

शुक्रवारी तू शाळेतून आलीस तेव्हा तुझ्या हातात लव्हाळ्याचा चार टोकांचा क्रूस होता आणि मी रात्रपाळीला निघण्याच्या घाईत होते. संत ब्रिजिडचा सण १ फेब्रुवारीला असतो, इथे आयर्लंडमध्ये त्या दिवसापासून वसंत लागला असे समजतात, लव्हाळे कापायचे नसतात तर उपटून आणायचे असतात आणि असा क्रूस दारावर लावला की घराला आगीचे भय राहत नाही, हे सगळे तू एका दमात सांगितलेस. मग विचारलेस, "आपण मराठी कॅथलिक ना? मग आपल्याकडे असे काय करतात? की आपले सगळे दुसऱ्यांकडूनच आलेले आहे?" आणि मी दार ओढून घेत असताना, "हा आपल्या दारावर लावला तर चालेल का?" उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. आज सुट्टी आहे, म्हणून लिहीत आहे. देवनागरी वाचायला तुला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, हळूहळू वाच.

दुसऱ्यांकडून आले, हे खरेच आहे. आपले पूर्वज गोव्याकडून घाट चढून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आले, असे आजी सांगते आणि गोव्यात हा धर्म पोर्तुगीजांबरोबर आला. पण एखादी गोष्ट आली कुठून, याने तिची सगळी हकीकत कळत नाही. ती आल्यावर कोणत्या मातीत रुजली, तेही पाहावे लागते. आमच्या गावाची माती भाताची. जूनमध्ये मिरगाचा पाऊस, मग चिखलणी, लावणी आणि नोव्हेंबरात कापणी, हे वर्षाचे खरे वेळापत्रक होते. चर्चचे सण त्या वेळापत्रकात जिथे जागा मिळाली तिथे बसले आणि असे बसले की आज ते वेगळे काढता येत नाहीत.

तुझ्या लव्हाळ्याशी सर्वांत जवळचे नाते आहे ते ८ सप्टेंबरचे. त्या दिवशी मरियामातेचा जन्मोत्सव असतो. आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चाले आणि आम्ही मुले रोज सकाळी परड्या घेऊन बांधावर फुले वेचायला जात असू. श्रावण-भाद्रपदात तिथे तेरडा माजलेला असतो, गुलाबी, जांभळा, पांढरा. त्याच सुमाराला शेजारच्या मावशींच्या घरी गौर यायची आणि गौरीलाही तेरडाच लागतो; त्यामुळे त्यांच्या मुली आणि आम्ही एकाच बांधावर, एकाच झुडपांवरून फुले तोडत असू आणि बांध संपला की त्या त्यांच्या गौरीकडे व आम्ही आमच्या मरियेकडे जात असू. दोघींपैकी कोणाच्या वाट्याला जास्त फुले गेली यावरून भांडणे झाली; धर्मावरून झाल्याचे मला आठवत नाही.

आठ तारखेला हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेत. उशिरा पिकणारे गरवे भात तेव्हा अजून हिरवेगार असते, म्हणून ज्याचे हळवे आधी निसवले असेल तो सगळ्या गावापुरत्या लोंब्या आणून देई. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की फादर त्या आशीर्वादित करून घरटी एकेक वाटत. लोंबी घरी आणून आजी आधी वेदीवरच्या क्रूसाला टेकवी, मग त्यातले सात दाणे काढून नखाने सोली. दाणा अजून चिकात असे, नखाला पांढरे दूध लागे, आणि ते सात ओले दाणे ती जुन्या तांदळाच्या खिरीत टाकत असे. एवढ्या मोठ्या पातेल्यात ते कुठे गेले ते कोणालाच दिसत नसे, पण ते पडल्याशिवाय खीर कोणाच्या पानात पडत नसे. उरलेली लोंबी दाराच्या चौकटीवर खोचली जाई आणि पुढच्या वर्षीची येईपर्यंत तिथेच राही. मावशींच्या घरीही नव्या भाताच्या लोंब्या दारावर बांधत, फक्त त्यांचा दिवस वेगळा असे. त्या दिवसाआधी नवा तांदूळ तोंडात घालायचा नाही, हा नियम मात्र दोन्ही घरांत सारखाच कडक होता.

दारावर खोचायची दुसरी वस्तू म्हणजे झावळी. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, नारळाची कोवळी पात मिळते. ती मधून चिरून, दुमडून आजी बोटभर लांबीचा क्रूस विणते. तू केलास तसाच, फक्त टोके चार दिशांना फिरत नाहीत. तो वर्षभर येशूच्या तसबिरीमागे असतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस यायला लागला, आभाळ दुपारीच काळे झाले आणि आंब्याच्या झाडावर वीज कडाडली की आजी त्या पातीचा एक तुकडा मोडून चुलीत टाकत असे आणि धूर घरभर फिरेपर्यंत प्रार्थना पुटपुटत असे. विजेने धुराला कधी मान दिला की नाही हे मी सांगू शकत नाही, पण तुझ्या शिक्षिकेने सांगितलेली आगीची गोष्ट ऐकली तेव्हा मला तोच धूर आठवला. वर्षाअखेरीस उरलेल्या वाळक्या पाती चर्चमध्ये परत द्यायच्या, त्या जाळून राख करतात आणि राखेच्या बुधवारी तीच राख कपाळावर लागते. यंदा, २०२६ मध्ये, तो १८ फेब्रुवारीला आहे.

तिथून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. इथे तो थंडीत सुरू होतो आणि वसंतात संपतो. आमच्याकडे तो उन्हाच्या चढत्या तापात यायचा, काजू पिकू लागलेले, विहिरी खाली गेलेल्या आणि मासे महाग झालेले, त्यामुळे निम्मा उपवास ऋतूच करवून घेत असे. शुभ शुक्रवारी चर्चची घंटा वाजत नाही. तिच्याऐवजी लाकडी खडखडे वाजवतात. तो कोरडा, हाडे वाजावीत तसा आवाज मला लहानपणी घंटेपेक्षा अधिक भीतिदायक वाटे. घरी त्या दिवशी पेज, मीठ आणि लोणच्याची एक फोड.

पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, दरवर्षी हलतो कसा, हेही तू मागे विचारले होतेस. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा तो हिशेब आहे; म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही येतो. आजी यासाठी चर्चचे कॅलेंडर पाहत नसे. ती मावशींना विचारत असे, "हनुमान जयंती कधी आहे?" कारण हनुमान जयंती म्हणजे चैत्री पौर्णिमा, आणि बहुतेक वर्षी आपला सण तिच्या मागोमाग येतो, क्वचित होळीच्या पौर्णिमेनंतर येतो. यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला आहे. चंद्र दोन्ही देवळांना एकच पुरतो, असे ती म्हणायची.

आता भाषेचे. आजी लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि लोकांना त्यातले अक्षर कळत नसे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती लोकभाषांत होऊ लागली. पण मराठीत येशूची कथा त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. १५७९ मध्ये गोव्याला आलेले जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती ओवीत लिहिली आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. तू कधी नीट ऐक: मराठीत आपण देवाला 'तू' म्हणतो, मरियेलाही 'तू' म्हणतो. मी माझ्या वडिलांना जन्मभर 'तुम्ही' म्हटले, फादरांना 'तुम्ही' म्हटले, पण ज्याच्यापुढे वडील आणि फादर दोघेही गुडघे टेकत त्याला मात्र 'तू'. विठोबाला तू, आईला तू, येशूला तू. इंग्रजीत तू प्रार्थना म्हणतेस तेव्हा हा फरक कळत नाही आणि मला तो फार चुकल्यासारखा वाटतो.

बेळगाव भागात भाषा ही गोष्ट साधी नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्यामुळे त्या तारखेला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका निघतात आणि दुसरीकडे मराठी माणसे काळा दिन पाळतात. चर्चच्या कॅलेंडरात त्याच दिवशी सर्व संतांचा सण असतो. बाबा सकाळी मिस्सेला जात आणि मग दंडाला काळी फीत बांधून मूक फेरीत जात. आमच्या धर्मप्रांतात कन्नड, कोकणी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत प्रार्थना होतात. मिस्सेत बाबांच्या शेजारी बसणारे त्यांचे कन्नडभाषक मित्र मिस्सेनंतर मिरवणुकीला जात, आणि दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी दोघेही दफनभूमीत विळे घेऊन पावसाळ्यात माजलेले गवत कापायला हजर असत. संध्याकाळी प्रत्येक थडग्यावर मेणबत्ती लागे. तेव्हा भात कापणीला आलेले असे आणि शेतावरून येणारा वारा मेणबत्त्या टिकू देत नसे, म्हणून आम्ही मुले करवंट्यांचे आडोसे करत असू.

कापणी उरकली की नोव्हेंबरच्या शेवटी काही जण पायी जुन्या गोव्याला निघत, कारण ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण असतो. जांबोटी, मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी, मग चोर्ला घाट उतरून गोवा. मोठे मामा दोनदा गेले. गावातला एक वारकरी त्यांना निघताना चपलांविषयी आणि पायाच्या फोडांविषयी सल्ला देत असे, आणि तो सल्ला ते फादरांच्या सल्ल्यापेक्षा काटेकोरपणे पाळत.

नाताळविषयी तुला ठाऊकच आहे, म्हणून एकच सांगते. आमच्या गोठ्यात कागदाचे गवत नसे. पंधरा दिवस आधी परातीत माती घालून नाचणी पेरायची, रोज पाणी शिंपडायचे, आणि २४ तारखेपर्यंत बोटभर हिरवी रोपे उभी राहत. त्यांच्यात गाय, मेंढरे आणि बाळ येशू ठेवायचा. इथे डिसेंबरात खिडकीत ऊन नसते. मी दोनदा पेरून पाहिले, दोन्ही वेळा नाचणी पिवळी पडून आडवी झाली. यंदा हीटरजवळ ठेवून पाहू.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: हो, चालेल. आपल्या दाराच्या आतल्या बाजूला, वर, आजीने मागच्या वर्षी पाठवलेली वाळकी लोंबी सेलोटेपने चिकटवलेली आहे, तिच्या शेजारी जागा आहे. लोंबीला धक्का लावू नकोस, तिचे दाणे आता सुटायला आले आहेत. आणि मी घरी असल्याशिवाय त्या डुगडुगणाऱ्या स्टुलावर चढायचे नाही.

तुझी,
आई