अ‍ॅक्रोमेगालीत रेडिओसर्जरी केल्यावर इंजेक्शने लगेच बंद होतात का?

आपल्याला अ‍ॅक्रोमेगाली आहे, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे ग्रोथ हार्मोन जास्त होऊन हात, पाय, जबडा वाढतो. नाकावाटे शस्त्रक्रिया होऊनही पिट्युटरीच्या बाजूच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये (नसा आणि रक्तवाहिन्या जातात त्या पोकळीत) गाठीचा थोडा भाग राहिला आहे, आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे रक्तात वाढणारे द्रव्य) औषधाने पुरेसे उतरत नाही आणि डॉक्टर गॅमा नाइफ ही किरणांची रेडिओसर्जरी सुचवत आहेत. ती केल्यावर ग्रोथ हार्मोन दाबणारी दरमहाची इंजेक्शने सुटतील का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, याच वाटेने गेलेला रुग्ण आहे. माझी इंजेक्शने सुटली, पण चौथ्या वर्षी.

नावात सर्जरी असली तरी यात कापाकापी नसते. स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडलेली कल्पना अशी, की निरनिराळ्या दिशांनी येणारे बारीक किरण एकाच ठिकाणी एकवटावेत, म्हणजे वाटेतल्या मेंदूला प्रत्येक किरणाचा थोडाच मारा सोसावा लागेल आणि गाठीवर मात्र सगळ्यांची बेरीज पडेल. माझ्या कपाळाची आणि डोक्यामागची कातडी बधिर करून चार स्क्रूंनी धातूची चौकट बसवली, तेव्हा दुखण्यापेक्षा डोके शिकंज्यात आवळल्यासारखे वाटले. एमआरआय, आखणी आणि प्रत्यक्ष किरण हे सारे एका दिवसात आटोपले.

खरी परीक्षा त्यानंतरच्या वाट पाहण्याची असते. किरणांनी गाठीच्या पेशी त्याच दिवशी मरत नाहीत. गाठीची वाढ बहुतेकांत थांबते, पण ग्रोथ हार्मोन उतरायला वर्षे लागतात, आणि पाच वर्षांत साधारण निम्म्याच रुग्णांची पातळी औषधाविना नॉर्मल होते. सुरुवातीची पातळी जितकी कमी, तितकी शक्यता चांगली. तोवर इंजेक्शने चालू ठेवावी लागतात आणि अधूनमधून ती थांबवून आयजीएफ-१ तपासावे लागते.

गाठ आणि दृष्टीच्या नसा यांच्यात किती मिलिमीटर अंतर आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. गाठीला साधारण २० ते २५ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा द्यायची असते, तर त्या नसांवर ती ८ ते १० ग्रेच्या वर जाऊ द्यायची नसते. अंतर फारच कमी असेल तर थोडी थोडी मात्रा अनेक आठवडे देण्याची जुनी पद्धत बरी ठरते.

दुसरी गोष्ट मला कोणी पुरेशी ठासून सांगितली नव्हती. उरलेली निरोगी पिट्युटरी काही वर्षांनी मंदावू शकते. सहाव्या वर्षी मला सतत थकवा आणि थंडी वाजू लागली, ते मी वयावर ढकलले; रक्त तपासल्यावर थायरॉइडला चालना देणारे हार्मोन अपुरे पडत असल्याचे कळले. म्हणून कॉर्टिसॉल, थायरॉइड आणि लैंगिक हार्मोन्सची तपासणी दरवर्षी करावी, आणि पुढे मूल हवे असेल तर तो विषय उपचाराआधीच डॉक्टरांशी बोलावा.

चेहऱ्याबद्दलही आपण विचारले आहे. बोटांची सूज उतरल्याने माझी अंगठी पुन्हा बसू लागली. जबड्याचे वाढलेले हाड मात्र आहे तसेच आहे.