कृष्णद्रव्य आपल्या घरातही आहे का?

प्रश्न : विश्वाचा सुमारे ९५ टक्के भाग कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यांनी व्यापला आहे, असे वाचनात आले. ही दोन्ही आली कोठून, आणि आपल्या पृथ्वीवर त्यांचा काही परिणाम होतो का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कृष्णद्रव्य, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य, आपल्या घरातही आहे. सूर्याच्या परिसरातील ताऱ्यांच्या गतीवरून त्याची घनता काढली, तर दर तीन घनसेंटिमीटरला साधारण एका प्रोटॉनइतके वस्तुमान येते. म्हणजे पृथ्वीच्या संपूर्ण आकारमानात कोणत्याही क्षणी ते जेमतेम अर्धा किलो भरेल. त्यामुळे ग्रहांच्या कक्षांवर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. मात्र ताऱ्यांमधील जागा अफाट असते आणि तेथेही ते पसरलेले असल्याने संपूर्ण दीर्घिकेच्या (अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाच्या) हिशेबात त्याचेच पारडे जड ठरते. खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांनी १९७०च्या दशकात आपल्या शेजारच्या देवयानी दीर्घिकेची स्वतःभोवती फिरण्याची गती मोजली, तेव्हा केंद्रापासून दूर गेल्यावरही ती अपेक्षेप्रमाणे घटत नसल्याचे दिसले; म्हणजे तेथे न दिसणाऱ्या द्रव्याची ओढ असली पाहिजे. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी टिपून लहान, मंद दीर्घिकांची अशीच गती मोजते, आणि हे काम आपल्या जिल्ह्यात चालते याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

कृष्णद्रव्याच्या उगमाविषयी एवढे निश्चित सांगता येते, की महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी मुक्त झालेल्या प्रारणात (प्रकाशात) त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या खुणा आढळतात, म्हणजे ते त्याआधीपासून आहे; त्याचा कण मात्र अद्याप कोणत्याही प्रयोगात सापडलेला नाही.

विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी कृष्णऊर्जा याउलट कोठेही साठत नाही. १९९८ साली दूरच्या अतिनवताऱ्यांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दिसून आले, आणि त्याचे सर्वांत साधे स्पष्टीकरण असे, की ही ऊर्जा अवकाशाचाच गुणधर्म असून प्रसरणामुळे ती विरळ होत नाही. द्रव्य मात्र विरळ होत गेले, आणि म्हणूनच तिचा प्रभाव उशिरा, सुमारे पाच-सहा अब्ज वर्षांपूर्वी वाढला. आपले शरीर, पृथ्वी, एवढेच काय, आकाशगंगाही त्यामुळे ताणली जात नाही, कारण येथे द्रव्याचे बंध कितीतरी बळकट आहेत. देवयानी दीर्घिका तर आपल्याकडेच येत आहे. कृष्णऊर्जेचा खरा परिणाम पाहायचा तो दीर्घिकासमूहांच्या पलीकडे. पुण्यातील खगोलशास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलेला, चार अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह याच कारणासाठी मोलाचा आहे, कारण तो आपल्याला दिसतो तो कृष्णऊर्जेचे वर्चस्व प्रस्थापित होत असतानाच्या काळातला.