मुलीला पेपरातली व्यंगचित्रकार व्हायचंय

प्रश्न : उद्यमनगरात आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगी यंदा बारावी कॉमर्सला. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती. रोज पेपरातलं व्यंगचित्र कापून वहीत चिकटवते आणि मला राजकीय व्यंगचित्रकारच व्हायचंय म्हणते. तिच्या आईचं म्हणणं, बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा द्याव्यात. यात नोकरी असते का? कोर्स कुठला? उद्या कुणा पुढाऱ्यानं केस घातली तर? शिवाय ती चित्रं काढायचा टॅब्लेट मागतेय, तो घ्यावा का?
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

नोकरीचं आधी उरकू. निव्वळ व्यंगचित्रांसाठी पगारी माणूस ठेवणारी मराठी दैनिकं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्या खुर्चीत बसलेला माणूस सहसा उठत नाही. आर. के. लक्ष्मण यांचं पॉकेट कार्टून, म्हणजे एका कॉलमातलं छोटं व्यंगचित्र, 1951 पासून पुढे कित्येक दशकं एकाच दैनिकात चाललं. बाहेरही हात आखडताच आहे. न्यूयॉर्क टाइम्सनं आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रं 1 जुलै 2019 पासून बंद केली. तेव्हा जाहिरात बघून अर्ज करायचा, असं हे काम नाही. बाकीच्या पेपरांत एक तर चित्रागणिक मानधन, नाही तर डिझाइन विभागातलाच आर्टिस्ट पानं लावता लावता, पुरवणीची रेखाटनं करता करता व्यंगचित्रही देतो. तुमच्या मुलीला आत शिरायला हा दुसरा दरवाजा जास्त उघडा आहे. फक्त नेमणूकपत्रावर पदनाम काय लिहिलंय ते बघायचं. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्यानं पत्रकाराच्या व्याख्येत व्यंगचित्रकार नावानिशी घातला, नव्या कामगार संहितेतही तो कायम आहे. 'ग्राफिक डिझायनर' हा शब्द त्या यादीत नाही.

आता ए ग्रेडबद्दल. हात चांगला आहे एवढंच त्यावरून कळतं. राजकीय व्यंगचित्रकार हा मुळात पत्रकार, फक्त मजकूर रेघेत लिहितो. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयानं प्रवेश नाकारला होता. ते म्हैसूरला बी.ए. झाले. बाळासाहेब ठाकरे फ्री प्रेस जर्नलमधून तयार झाले आणि 1960 साली 'मार्मिक' काढलं. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले वसंत सरवटे इंजिनिअर होते. सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी जन्मभर चित्रं काढली. कोल्हापुरात शिकून जे.जे.ला गेलेले शि. द. फडणीस त्यांच्या पिढीचेच, पण त्यांची वाट राजकारणाची नव्हे, बिनशब्दांच्या हास्यचित्रांची. या चौघांत एकसारखी पदवी सापडत नाही. म्हणून वहिनींचं बी.कॉम. अगदीच मोडीत काढू नका. अर्थसंकल्प वाचता येणारे व्यंगचित्रकार कमीच असतात.

दिवस कसा जातो ते तिला माहीत असायला हवं. सकाळी चार-पाच पेपर, तेही स्थानिक पानांसकट. दुपारच्या बैठकीला पेन्सिलीचे तीन ते पाच चिठोरे घेऊन जायचं. संपादक त्यातले दोन बाजूला सारतो, एकावर वाद होतो, एक पास होतो. मग शाईला दीड-दोन तास, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास चित्र पानावर. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती आधी सुटते, शहर आवृत्ती रात्री. मधल्या वेळात कुणी राजीनामा मागे घेतला की चित्र जागच्या जागी खोटं पडतं. यासाठी दोन चित्रं कायम राखीव ठेवायची: खड्डे, पाणीटंचाई, महागाई, लवकर शिळं न होणारं काहीही. नव्या माणसाची खरी अडचण मात्र तिसऱ्या महिन्यात येते. खुर्चीला चिकटलेला नेता, मतदाराला दाखवलेलं गाजर, रंग बदलणारा सरडा, ओझ्यानं वाकलेलं गाढव, सगळं वापरून झालेलं असतं आणि उद्याचं पान तर भरायचंच असतं.

म्हणून चित्र घडतं कसं ते जरा जवळून बघू. विषय आपल्याच नदीचा घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पावसाळ्यात हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. 2019 च्या महापुरानंतर वडनेरे समिती नेमली, तिचा अहवालही आला. 2021 ला पाणी पुन्हा शहरात. यावर शिकाऊ हात पहिल्यांदा काय काढतो? पूर, छपरावर माणसं, छत्री धरलेला मंत्री, लाटेवर 'महापूर' अशी पाटी, मंत्र्याच्या पोटावर 'शासन' आणि वर संवादाचे दोन भरगच्च फुगे. सहा गोष्टी सांगितल्या, लागली एकही नाही. मग छाटायला बसायचं. माणसं गेली, छत्री गेली, फुगे गेले. उरली पाणी मोजायची पट्टी. तिच्याशेजारी पाण्याऐवजी अहवालांची चळत, बरोबर 43 च्या खुणेला टेकलेली, आणि शिडीवर चढून आणखी एक फाईल वर ठेवणारा कारकून. कोल्हापूरच्या पानावर याला एक शब्दही लागत नाही. हेच चित्र नागपूरला जाणार असेल तर पट्टीवर 'धोका' हा शब्द घालावा लागेल, कारण तिथल्या वाचकाला 43 म्हणजे काहीच नाही. लाटेवर 'महापूर' लिहावं लागलं की समजायचं, लाट जमलेली नाही.

अर्कचित्राचं, म्हणजे नेत्याचा चेहरा अतिशयोक्तीनं काढण्याचं म्हणाल तर नाक लांब करणं म्हणजे अर्कचित्र नव्हे. ओळख पटते ती अंतरांवरून: कपाळ आणि हनुवटीचं प्रमाण, डोळ्यांमधली जागा, केसांची रेघ, मान पुढे काढून बोलण्याची लकब. एका नेत्याचे वीस फोटो वेगवेगळ्या कोनांतून जमवायचे, भाषणाचा व्हिडिओ थांबवून थांबवून रेखाटायचा. मग फोटो मिटवून आठवणीतून काढायचं. जे उरलं ते वैशिष्ट्य. पाठमोरी आकृतीही ओळखू आली तर काम झालं. व्यंग, जात, रंग यांवर हसू काढू नये. ते हीन तर आहेच, शिवाय आळशीपणाचं आहे; त्या माणसानं केलं काय हे चित्रात येतच नाही.

छपाईचा भाग तुम्ही तिच्यापेक्षा लवकर समजाल, कारण हा टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालतो याचा मामला आहे. पेपरचा एक कॉलम साधारण 4 सेंमी रुंद, दोन कॉलम 8. तिनं उभ्या ए-4 कागदाची रुंदी भरेल असं, म्हणजे 21 सेंमीचं चित्र काढलं तर छापताना ते 38 टक्क्यांवर येतं. छायेसाठी मारलेल्या रेघांत अर्ध्या मिलिमीटरची फट असेल तर तिची 0.19 होते, आणि वृत्तपत्राचा कागद शाई पितो. फट बुजते, नेत्याच्या गालावर डांबर फासल्यासारखं दिसतं. फुग्यातलं 5 मिमीचं अक्षर 2 मिमीच्या आत येतं, आणि मराठीत तर अक्षराच्या डोक्यावर रफार, मात्रा, अनुस्वार. ते एकमेकांत मिसळतात. म्हणून मूळ चित्र छापील मापाच्या दीडपट ते दुप्पट, त्याहून मोठं नको. 8 सेंमीसाठी 12 ते 16. एक सोपी तपासणी: चित्राची झेरॉक्स छापील मापाला लहान करून हातभर लांब धरायची. वाचता आलं नाही तर पुन्हा काढायचं.

रेघेचं चित्र काळ्या-पांढऱ्यात किमान 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करावं, रंगीत चित्र छापील मापाला 300 ला. रंगीत चित्रातली अक्षरं आणि बाह्यरेषा फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर ठेवायच्या. चारही रंग मिसळून केलेला काळा असेल आणि रजिस्टर, म्हणजे चार रंगांच्या प्लेटांची जुळणी, केसभर हललं, तर अक्षराला लाल-निळी सावली पडते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नये, फाईल दाबली जाऊन रेघेच्या कडा फाटतात. मेल करावी, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

कोर्स. बारावीनंतर बी.एफ.ए., चार वर्षं, त्यात उपयोजित कला ही शाखा. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या एमएएच-एएसी सीईटीतून होतो: वस्तुचित्र, स्मृतिचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान. तिच्या दृष्टीनं स्मृतिचित्र सगळ्यात महत्त्वाचं, रोजच्या कामात तेच वापरायचंय. दुसरी वाट फाउंडेशन हा पायाभूत अभ्यासक्रम आणि पुढे जी.डी. आर्ट ही पदविका. शहरातच कलानिकेतन आणि दळवीज ही कला महाविद्यालयं आहेत. कोणत्या शाखेला किती जागा ते यंदाच्या माहितीपत्रकातून घ्या आणि एकदा जाऊन शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामं बघून या. माझं मत उपयोजित कलेकडे झुकतं, कारण व्यंगचित्र नाही चाललं तरी जाहिरात, पुस्तकांची रेखाटनं, स्टोरीबोर्ड, पॅकेजिंग यांवर घर चालतं. ती बी.कॉम.लाच गेली तर पुढे शिवाजी विद्यापीठातला पत्रकारितेचा अभ्यासक्रम चालेल. दिवाळी अंकांना चित्रं पाठवायची तर जून-जुलैत. गणपतीनंतर पाठवलेलं बहुधा पुढच्या वर्षावर जातं. निवडणुकीत पक्षांच्या प्रचाराची कामं येतील, पैसेही बरे असतात. तिला पेपरात जायचं असेल तर ती घेऊ नयेत. एका पक्षासाठी काढलेलं चित्र संपादकाच्या लक्षात राहतं.

केसची भीती खोटी नाही. बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत 356, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. दोन गटांत तेढ लावण्याचं 196, धार्मिक भावना दुखावण्याचं 299. 2012 साली असीम त्रिवेदी यांना मुंबईत व्यंगचित्रांवरून राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. 2015 साली उच्च न्यायालयानं म्हटलं की हिंसेला चिथावणी नसताना नुसत्या टीकेवर ते कलम लावता येत नाही. तुम्ही लक्षात ठेवायचा फरक एवढाच: पेपरात छापलेल्या चित्रामागे संपादक आणि संस्थेचा वकील उभा असतो, स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकलेल्या चित्रामागे ती एकटी. म्हणून सुरुवातीला समाजमाध्यमावर टाकताना धार्मिक चिन्हं आणि नेत्यांचं खाजगी आयुष्य दूर ठेवावं. आकडा टाकला तर त्याचं कात्रण जपावं. आणि नेत्याच्या तोंडी घातलेलं वाक्य खऱ्या बातमीतलं वाटेल असं नसावं. ते इतकं अशक्य असावं की कुणी अवतरण समजणार नाही.

हक्कांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगून ठेवतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार पगारी व्यंगचित्रकाराच्या चित्रावर मालकाचा हक्क वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता असतो. पुस्तक, कॅलेंडर, प्रदर्शन यांचे हक्क काढणाऱ्याचे. पण 'वेगळा करार नसेल तर' ही अट त्यातच आहे, त्यामुळे करारावर सही करण्याआधी ते वाक्य शोधायचं. मूळ चित्रांचे कागद घरी ठेवायचे, ऑफिसात सोडायचे नाहीत.

टॅब्लेट आत्ता नको. कार्ट्रिज पेपर, दोन नंबरचा ब्रश, टाक आणि वॉटरप्रूफ काळी शाई, एवढ्यावर वर्ष निघतं. टॅब्लेटवर चूक पुसता येते, म्हणून रेघ ठाम व्हायला वेळ लागतो, आणि झूम करून काढलेले बारकावे छापील मापाला दिसतच नाहीत. त्याऐवजी एक जाड रजिस्टर आणून द्या. 90 दिवस, रोज एक चित्र, विषय त्याच दिवसाच्या पेपरातला, संध्याकाळी सातला बंद. खाली तारीख आणि बातमीचं कात्रण. करवीर नगर वाचन मंदिरात पेपर वाचायला बसता येईल. बोर्डाची परीक्षा झाल्यावर सुरू केलं तरी चालेल, तोवर सीईटीची चित्रंही होतील. चुकलेला दिवस रिकामाच सोडायचा, दुसऱ्या दिवशी दोन काढून भरायचा नाही. साठच्या वर पानं भरली तर त्यातली 12 निवडा, त्यात किमान चार कोल्हापूरच्या विषयांवरची असू द्या: हद्दवाढ, ऊसदर, थेट पाईपलाईन, रंकाळा. ती छापील मापाच्या झेरॉक्सवर घेऊन तिनं स्वतः एखाद्या स्थानिक आवृत्तीच्या संपादकांना भेटावं, दुपारी बैठकीच्या आधी. तुम्ही सोबत गेलात तर खाली चहाच्या गाड्यावर थांबा.