वाचकांचे प्रश्न : चौफेर छायाचित्रे संकेतस्थळावर कशी दाखवावीत?

प्रश्न : माझा डिचोलीत छायाचित्रणाचा व्यवसाय आहे. तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर, नार्वेचा सप्तकोटेश्वर आणि मंगेशीचे देवालय यांची चौफेर फिरवून पाहता येणारी छायाचित्रे मी पूर्वी फ्लॅश या अ‍ॅडोबीच्या प्रणालीत तयार करून माझ्या संकेतस्थळावर ठेवली होती. आता तिथे नुसता कोरा चौकोन दिसतो. काही मित्र पैसे देऊन प्रणाली विकत घ्यायला सांगतात, तर काही फुकटची सुचवतात. नव्याने काय निवडावे? जुन्या कामातले काही वाचेल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : अ‍ॅडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअरनेच मजकूर दाखवणे बंद केले. त्याआधी अ‍ॅपलच्या क्विकटाइम व्हीआर या तशाच प्रणालीचीही हीच गत झाली होती. म्हणून ज्यासाठी पाहणाऱ्याला वेगळे प्लगइन (ब्राउझरला जोडायचा पूरक प्रोग्रॅम) बसवावे लागेल, असे काहीही यापुढे घेऊ नये. वेबजीएल हे ब्राउझरमध्ये थेट त्रिमितीय चित्रे दाखवण्याचे मानक 2011 मध्ये आले आणि आज संगणकावरील व मोबाइलवरील सर्व प्रमुख ब्राउझरांमध्ये ते आहे. हाताशी असलेले बहुतेक पॅनोरमा-दर्शक, म्हणजे चौफेर छायाचित्र (पॅनोरमा) पानावर फिरवून दाखवणाऱ्या प्रणाली, त्याच्यावरच चालतात, त्यामुळे मूळ तंत्रज्ञानाचा प्रश्न सुटलेलाच आहे. निवड करायची ती दर्शकाची.

आधी जुन्या कामाविषयी. तुमच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये प्रत्येक स्थळाच्या फोल्डरात सहा चौरस जेपीजी चित्रे सापडतात का, ते पाहा : चार दिशांची चार, एक छताचे, एक जमिनीचे. फ्लॅशच्या काळात पॅनोरमा बहुधा असेच सहा बाजूंचे करत असत. ती सापडली तर सुटी छायाचित्रे एकत्र सांधण्याचे जोडकाम पुन्हा करण्याची गरज नाही, कारण पॅनेलम हा मुक्त दर्शक अशी सहा चित्रे जशीच्या तशी स्वीकारतो. फक्त एसडब्ल्यूएफ (फ्लॅशची तयार) फाइल उरली असेल, तर जेपेक्स या मोफत साधनाने तिच्यात भरलेली चित्रे बाहेर काढता येतात. अर्थात ती त्या काळच्या लहान पडद्यांच्या मापाची असतील, आणि आजच्या मोबाइलवर दगडातले कोरीव काम पुसट दिसेल.

नवे चित्र घ्याल तेव्हा मापाचा हिशेब आधी करावा. संपूर्ण गोलाकार दृश्याचे सपाट चित्र उंचीच्या दुप्पट रुंद असते. 8192 × 4096 पिक्सेलचे चित्र घेतले, तर प्रत्येक अंशाला सुमारे 23 पिक्सेल येतात. पडद्यावर 60 अंशांचे दृश्य दिसत असेल तर त्याच्या वाट्याला जेमतेम 1,365 पिक्सेल येतात. म्हणजे सभामंडपाच्या छताची नक्षी जवळ आणून पाहायची असेल, तर हेही माप अपुरे पडते. उलट बाजूने, हेच चित्र जेपीजी म्हणून काही एमबींचे असले, तरी मोबाइलच्या स्मृतीत उलगडल्यावर ते सुमारे 134 एमबी जागा घेते, आणि अनेक जुने मोबाइल 4096 पिक्सेलपेक्षा रुंद चित्र एकसंध उचलतच नाहीत. त्यावर तोडगा म्हणजे चित्राचे लहान लहान तुकडे करून ते निरनिराळ्या मापांत साठवणे. मग ब्राउझर समोर दिसणाऱ्या भागाचेच तुकडे मागवतो. सत्तरीत किंवा सांग्यात रेंज मिळण्याची मारामार असते, तिथे हा फरक लगेच जाणवतो.

असे तुकडे पॅनेलम, मार्झिपानो आणि केआरपॅनो या तिन्ही दर्शकांना चालतात. केआरपॅनो सशुल्क आहे. अनेक दालनांची फेरी, नकाशे, वेगवेगळी बटणे अशी कामे गिऱ्हाईकांसाठी नेहमी करून देत असाल, तर त्याचे पैसे वसूल होतील. तीन देवळांसाठी तो खर्च मला अनाठायी वाटतो. कोड लिहिण्याचा कंटाळा असेल तर मार्झिपानोचे साधन ब्राउझरमध्येच चित्राचे तुकडे करून तयार फोल्डर हाती देते. थोडेफार एचटीएमएल येत असेल तर मी पॅनेलम सुचवीन : तो आटोपशीर आहे आणि त्याची मांडणी एका साध्या मजकूर-फाइलीत राहते. मात्र पूर्ण मापाचे जोडलेले मूळ चित्र, शक्यतो टिफ या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात, वेगळे जपून ठेवा. उद्या दर्शक बदलावा लागला तरी त्यातून नवे तुकडे पाडता येतील.

प्रश्न : आमच्या काणकोणच्या होमस्टेच्या संकेतस्थळावरील पॅनोरमा अँड्रॉइड मोबाइल हलवला की फिरतो, आयफोनवर मात्र फिरत नाही. बोटाने सरकवला तर दोन्हींवर चालतो. दर्शक बदलावा का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : एवढ्यासाठी बदलू नये. आयओएस 13 पासून आयफोन हालचालीची माहिती संकेतस्थळाला आपणहून देत नाही. पाहणाऱ्याने एखादे बटण दाबून परवानगी द्यावी लागते, आणि पान एचटीटीपीएसवर (https ने सुरू होणाऱ्या सुरक्षित पत्त्यावर) असावे लागते. दर्शकाची आवृत्ती जुनी असेल तर नवी घ्या, आणि पॅनोरमावर ‘मोबाइल फिरवून पाहा’ असे बटण ठेवा.