क्रिमिनॉलॉजीची (गुन्हेशास्त्राची) पदवी एआयच्या काळात घेण्यासारखी आहे का?

फक्त क्रिमिनॉलॉजीवर विसंबणार असाल, तर माझं उत्तर 'नको' असं आहे. आणि त्यात एआयचा दोष कमीच. एमपीएससीतून पीएसआय व्हायला कोणतीही पदवी चालते, ही अडचण आधीपासूनचीच.

बरेच जण इथे फॉरेन्सिकशी, म्हणजे पुराव्यांच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीशी, गल्लत करतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे (राज्यांना पाच वर्षांची मुभा देऊन). मागणी वाढेल ती तिथे, पण त्या प्रयोगशाळेत शिरायला बी.एस्सी. लागते.

एआय खाणार ते कारकुनी काम: सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) चाळणं, सीसीटीव्ही बघत बसणं, अहवालाचा कच्चा मसुदा. महाराष्ट्र सरकारने पोलिसांच्या एआय कामासाठी २०२४ मध्ये 'मार्व्हल' ही कंपनीच काढली. पण यंत्राचा अंदाज तपासणारा माणूस लागतोच. अमेरिकेत 'कॉम्पास' नावाचं सॉफ्टवेअर आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचे गुण देतं. ते कृष्णवर्णीयांना अन्यायाने जास्त धोकादायक ठरवतं, असं प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने २०१६ मध्ये दाखवलं. अशी चूक पकडायला गुन्हेशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्ही हवं.

म्हणून बारावीनंतर लॉ, मानसशास्त्र किंवा स्टॅटिस्टिक्स घ्या, क्रिमिनॉलॉजी एम.ए.ला ठेवा. तुरुंग, बालन्याय, पुनर्वसन यांत रस असेल तर टिसकडे (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) बघा. पगार मात्र बेताचाच धरून चाला.