परिचर्येचे शिक्षण आणि न्यायाचा प्रश्न : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका पालकांच्या पत्रास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे आणि त्याने नर्सिंगला जाण्याचे ठरविले आहे, परंतु घरात त्यावर एकमत नाही, असे आपण लिहिले आहे. नातेवाइकांच्या मते हे मुलींचे क्षेत्र आहे. आजींना, परक्या माणसांचे मलमूत्र नातवाने काढावे, ही कल्पनाच सहन होत नाही. मराठीच्या सरांचा आग्रह असा की, मध्ययुगीन काव्यातील ईश्वरी न्याय या विषयावर संत चोखोबा आणि इटालियन कवी दान्ते यांना शेजारी ठेवून निबंध लिहिणाऱ्या मुलाने बी.ए.लाच जावे. मला मात्र यांपैकी कोणत्याही मतापेक्षा आपण पत्राच्या शेवटी ओझरता नोंदविलेला मुलाचा प्रश्न महत्त्वाचा वाटला. दारू पिऊन गाडी चालवून दुसऱ्याचा जीव घेणारा माणूस जखमी होऊन वॉर्डात आला, तर त्याचीही तितक्याच आस्थेने शुश्रूषा करायची का, असे त्याने आपल्याला विचारले.

माझे मत आधीच सांगतो. त्याला नर्सिंगला जाऊ द्यावे, आणि हा प्रश्न त्याला पडतो, हेच त्याचे मुख्य कारण आहे.

या प्रश्नाचे व्यवसायातील उत्तर निर्विवाद आहे. रुग्णाने काय केले याचा निवाडा न्यायालयात होतो. परिचारकाने त्याची जखम, वेदना आणि नाडी पाहायची असते. परंतु हे उत्तर पाठ करणे सोपे आणि रात्रीच्या ड्युटीवर पाळणे अवघड असते, कारण आजार म्हणजे कशाची तरी शिक्षा, ही समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली आहे. नातेवाईक खाटेशेजारी उभे राहून ‘भोग आहेत’ असे म्हणतात आणि शिकलेली माणसेही तसेच म्हणतात. आपल्या मुलाने वाचलेले कवी नेमक्या याच समजुतीशी झगडले आहेत, म्हणून त्याचा निबंध आणि त्याचा व्यवसाय यांत मला विरोध दिसत नाही.

चोखोबांच्या एका अभंगात, पूर्वजन्मी कृष्णनिंदा घडली म्हणून हा जन्म वाट्याला आला, ‘आम्हां पूर्वीचें हें फळ’, अशी स्वतःच्या दुःखाची उपपत्ती येते. त्यांच्याच घरात त्यांचा मुलगा कर्ममेळा ती नाकारतो आणि थेट विठ्ठलाला विचारतो, ‘आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती’. पुढे तर जन्मभर उष्टे खावे लागले याची ‘लाज न ये तुमचे चित्ता’ असे सुनावतो. चौदाव्या शतकातील एका घरात बापलेकांच्या अभंगांतून ईश्वरी न्यायाविषयी झालेला हा वाद मला मराठी कवितेतील अत्यंत धीट प्रसंगांपैकी एक वाटतो. आणि आजींच्या आक्षेपाला उत्तर द्यायचे झाल्यास ते चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी देऊन ठेवले आहे : ‘देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध’, आणि विटाळ देहातच जन्मतो, तर मग सोवळा कोण झाला, असा त्यांचा प्रतिप्रश्न आहे. ज्याला रोज जखमा धुवायच्या आहेत आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवायचे आहे, त्याने हा अभंग समजून वाचलेला असणे ही मोठी शिदोरी आहे. आजींसमोर त्याने तो वाद घालण्यासाठी म्हणू नये, एवढे मात्र त्याला सांगावे.

दान्ते हा त्याच काळातील. त्याचा मृत्यू 1321 सालचा. त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यातील नरकात प्रत्येक शिक्षा पापाच्या मापाने बेतलेली आहे, आणि बहुतेक विद्यार्थी तेवढ्यावरच थांबतात. परंतु भविष्य पाहण्याचा दावा करणाऱ्यांची तोंडे पाठीकडे वळलेली पाहून दान्तेला रडू येते आणि त्याचा मार्गदर्शक व्हर्जिल त्याबद्दल त्याला रागावतो, तो भाग मुलाने पुन्हा वाचावा. त्याहून अधिक त्याने स्वर्गखंडाचा एकोणिसावा सर्ग वाचावा. तेथे दान्तेच्या मनातील शंका बोलून दाखविली जाते : सिंधू नदीच्या काठी जन्मलेला, ज्याच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही, असा सदाचारी माणूस दोषी कसा ठरतो, आणि हा कोणता न्याय? तेथील उत्तर, निवाडा करणारा तू कोण, असे आहे. ते सर्वांचे समाधान करणार नाही, माझेही पूर्ण झालेले नाही. तरीही पुढच्याच सर्गात रिफियस हा ट्रोजन आणि त्राजान हा रोमन सम्राट, जन्माने ख्रिस्ती नसलेले दोघे, स्वर्गात दिसतात. हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारी राहतात त्या गोव्यात वाढलेल्या मुलाला या शंकेचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ज्ञानदेवांनी पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे मागितले; दुर्जनाचा नाश मागितला नाही, त्याचा वाकडेपणा जावा असे मागितले. मद्यपी चालकाविषयीच्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मला सुचत नाही.

हा विषय केवळ पुस्तकी नाही, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 1989 साली डॉमिनिक डिसोझा या गोमंतकीय तरुणाला एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले, तेव्हा त्या वेळच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला एका जुन्या क्षयरोग इस्पितळाच्या इमारतीत 64 दिवस स्थानबद्ध ठेवण्यात आले. त्याने काहीही गुन्हा केलेला नव्हता. पुढे 1992 मध्ये त्याचे निधन झाले, आणि एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा येण्यास 2017 साल उजाडावे लागले. तृतीयपंथी व्यक्तींना आरोग्यसेवेत भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा तर 2019 चा आहे. कायद्याने दार उघडते; परंतु रुग्णाला नाव विचारताना परिचारकाच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे कायदा ठरवू शकत नाही.

सर्वसमावेशकता हा शब्द नर्सिंगमध्ये दोन बाजूंनी लागू होतो. एक बाजू रुग्णांची. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी बोलणारे रुग्ण येतात. सिंधुदुर्ग आणि कारवारकडूनही येतात. बांधकामावरील परप्रांतीय मजूर असतात, पर्यटक असतात. रुग्णाला कोठे दुखते हे त्याच्या भाषेत विचारता येणे, हा उपचाराचाच भाग आहे. दुसरी बाजू परिचारकांची, आणि तेथे नातेवाइकांची शंका येते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची 1860 साली लंडनमध्ये सुरू झालेली प्रशिक्षणशाळा केवळ स्त्रियांसाठी होती आणि त्या वळणाने हा व्यवसाय स्त्रियांचा मानला गेला. त्यापूर्वीचा गोव्याचा इतिहास मात्र वेगळा आहे. जुने गोवे येथील टेकडीवर, संत मोनिका मठाच्या शेजारी, संत जॉन ऑफ गॉड यांच्या नावाचा मठ आजही उभा आहे. तो 1685 साली रुग्णसेवा करणाऱ्या एका पुरुषांच्या संघाने बांधला होता. तो नातेवाइकांना एकदा दाखवून आणावा.

तरीही अडचणी लपविणे योग्य नाही. पुरुष विद्यार्थ्यालाही प्रसूतिशास्त्र शिकावेच लागते, आणि स्त्री रुग्णाची संमती व लज्जा जपून काम करणे त्याला पहिल्या दिवसापासून शिकावे लागते. वॉर्डात त्याला ‘ब्रदर’ म्हणतील आणि जड रुग्ण उचलायला, आक्रमक रुग्ण सावरायला पहिली हाक त्यालाच येईल. हाही एक प्रकारचा भेदच आहे, आणि तो त्याने शांतपणे वरिष्ठांसमोर मांडावा. लष्करी परिचर्या सेवेची 1943 च्या अध्यादेशातील चौकट स्त्रियांसाठी आखलेली आहे, म्हणून त्या वाटेवर त्याने भिस्त ठेवू नये. खासगी इस्पितळांत सुरुवातीचे वेतन बरेचदा कमी असते आणि रात्रपाळ्या सर्वत्र असतात.

आता प्रवेशाविषयी. बी.एस्सी. नर्सिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. अभ्यासक्रम चार वर्षांचा, 2021 च्या सुधारित आराखड्यानुसार आठ सत्रांचा आहे. पहिल्याच सत्रात समाजशास्त्र आणि मानसशास्त्र आहे व पुढे व्यावसायिक मूल्ये आणि नीतिशास्त्रही आहे, ज्यांत आपल्या मुलाचे वाचन कामी येईल. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही तीन वर्षांची पदविका आहे, पण गुण पुरेसे असतील तर त्याने पदवीच घ्यावी, पुढे एम.एस्सी. आणि अध्यापनाचा मार्ग त्यातूनच सरळ जातो. बांबोळीच्या शासकीय परिचर्या शिक्षण संस्थेला प्रथम पसंती द्यावी. प्रवेशाची पद्धत आणि परीक्षा यांविषयी ऐकीव माहितीवर विसंबू नये; पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाची त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. राज्य सरकारच्या नोकरीसाठी कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट मानले जाते, तसेच 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, म्हणून ती कागदपत्रे आताच तयार ठेवावीत.

सरांना माझा नमस्कार सांगावा आणि विनंती करावी की, त्यांनी या मुलाचे वाचन थांबू देऊ नये. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय बांबोळीहून फार दूर नाही. सुट्टीच्या दिवशी तेथे बसून चोखोबांचे समग्र अभंग वाचता येतील. अर्ज भरण्यापूर्वी मात्र एक गोष्ट अवश्य करावी. वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या एखाद्या परिचारकाशी किंवा परिचारिकेशी त्याची भेट घडवून आणावी, त्याला एकट्याला बोलू द्यावे, आणि परत आल्यावर त्याचे मत कायम आहे का, एवढेच विचारावे. कायम असेल, तर आजींना समजावण्याचे काम आपण स्वतः करावे. ते त्याच्यावर सोपवू नये.